बिऱ्हाड हलविणारा संगणक

बदलीचा हुकूम आला म्हणजे नोकरदाराच्या घरात जी धांदल उडते, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. भांडीकुंडी, अंथरुणे-पांघरुणे, पुस्तके, देव्हाऱ्यातील देव, सारे पोत्यांत आणि ट्रंकांत भरून नव्या गावी रवाना होते. सामान सुखरूप पोहोचते. एखादी वाटीसुद्धा हरवत नाही. तथापि पहिल्याच सायंकाळी ध्यानात येते की, जुन्या खिडक्यांच्या मापाने शिवलेले पडदे येथे तोकडे पडतात आणि आपल्या इस्त्रीची पिन येथील भिंतीवरच्या सॉकेटात शिरत नाही. सामान हलविणे निराळे आणि संसार मांडणे निराळे, हा धडा घरातील वडीलधाऱ्या बायकांस कोणी शिकवावा लागत नाही. आम्हांस मात्र तो एका संगणकाच्या निळ्या पडद्याने शिकविला. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

आपल्या या वार्षिक अंकाचे २००२ ते २००९ या आठ वर्षांचे अंक शाळेच्या कार्यालयातील एका संगणकावर जुळविले गेले होते. छापील प्रतींपैकी काहींना वाळवी लागली, काही वाचनालयातून गेल्या त्या परत आल्या नाहीत. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला आपले जुने अंक म्हणजे केवळ निबंध-कवितांचा संग्रह नव्हे. कोणत्या साली किती मुले होती, कोणते शिक्षक निवृत्त झाले, कोणते नाटक बसविले, याची मराठीत लिहिलेली दुसरी नोंद बहुधा कोठेच नसते. म्हणून त्या संगणकातील मजकुराची किंमत मोठी होती.

तो मजकूर साध्या रीतीने दुसरीकडे उतरवून का घेतला नाही, असे कोणी विचारील. त्या काळी मराठी मुद्रणासाठी जे टंक वापरात होते, त्यांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असत. फाईलमध्ये प्रत्यक्षात साठविले जात ते इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. पडद्यावर 'शाळा' दिसे ती त्या विशिष्ट टंकाच्या कृपेने. तो टंक आणि त्याची आज्ञावली नसेल, तर त्याच फाईलमधून अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग बाहेर पडते. आज युनिकोड या सर्वमान्य संकेतात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. उदाहरणार्थ, 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५. परंतु आमच्या जुन्या अंकांना या व्यवस्थेचा स्पर्श झालेला नव्हता. ते वाचावयाचे तर तोच टंक, तीच आज्ञावली आणि तीच विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली हवी होती. एकंदरीत, तोच संगणक हवा होता. आणि तो तर २०१३ सालीच कुरकुर करू लागला होता.

तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने त्या संगणकाचे आभासी यंत्र करून ठेवले. आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्या खऱ्या संगणकास यजमान म्हणतात आणि आतल्यास पाहुणा. या दोहोंच्या मध्ये हायपरव्हायजर नावाची एक आज्ञावली असते. ती पाहुण्यास असे भासविते की, तुझ्यापाशी स्वतःचा प्रक्रियक आहे, स्वतःची स्मृती आहे, स्वतःची डिस्क आणि स्वतःचे नेटवर्क कार्डही आहे. पाहुण्याच्या दृष्टीने हे सारे खरेच असते. यजमानाच्या दृष्टीने मात्र पाहुण्याची ती संपूर्ण डिस्क म्हणजे आपल्या साठ्यातील एक मोठी फाईल असते. हिलाच डिस्क-प्रतिमा किंवा इमेज असे म्हणतात.

ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रात सीपी-४० नावाची अशी व्यवस्था १९६७ साली वापरात आली. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक असल्याचा अनुभव मिळावा, हा तिचा हेतू होता. १९७२ साली त्याच कंपनीने व्हीएम/३७० ही व्यवस्था ग्राहकांपुढे ठेवली. घरगुती संगणकांवर हा प्रयोग यशस्वी होण्यास पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले उत्पादन १९९९ मध्ये बाहेर आले. त्यानंतर २००३ मध्ये झेन व क्यूईएमयू, २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आणि लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले केव्हीएम, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही, अशा निरनिराळ्या व्यवस्था उभ्या राहिल्या.

घरे वाढली, तशी प्रत्येक घराची पेटीही निराळी झाली. व्हीएमवेअरची डिस्क-प्रतिमा व्हीएमडीके या धाटणीची, व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची व्हीडीआय, मायक्रोसॉफ्टची आधी व्हीएचडी व २०१२ पासून व्हीएचडीएक्स, आणि क्यूईएमयूची क्यूकाऊ-२. यांतील भेद समजण्यासाठी एका हजार पानी वहीची कल्पना करा. वहीची दोनशेच पाने लिहिलेली असून बाकी कोरी आहेत. ती जपून ठेवण्याचा एक मार्ग असा की, हजार पाने जशीच्या तशी ठेवावी. या धाटणीस 'रॉ', म्हणजे कच्ची, असे नाव आहे. दुसरा मार्ग असा की, लिहिलेली दोनशे पाने तेवढी ठेवावी आणि मूळचे कितवे पान आता कोठे आहे याची एक अनुक्रमणिका जोडावी. जागा पुष्कळ वाचते. वर सांगितलेल्या बहुतेक धाटण्या हा दुसरा मार्ग पत्करू शकतात. फरक पडतो तो अनुक्रमणिका कशी लिहावयाची व पानांचे गठ्ठे केवढाले करावयाचे यात. वाढत जाणाऱ्या व्हीएचडी प्रतिमेत असा गठ्ठा सामान्यतः २ मेगाबाइटांचा असतो, तर क्यूकाऊ-२ मध्ये तो सामान्यतः ६४ किलोबाइटांचा असतो.

या पेट्यांवर त्यांच्या जन्माच्या खुणाही राहिल्या आहेत. व्हीएचडी ही धाटणी मुळात कनेक्टिक्स या कंपनीच्या व्हर्च्युअल पीसी या उत्पादनाची. मायक्रोसॉफ्टने ते उत्पादन २००३ मध्ये विकत घेतले. परंतु प्रत्येक व्हीएचडी फाईलच्या अखेरीस ५१२ बाइटांची जी पुष्पिका असते, तिच्या आरंभी आजही त्या जुन्या कंपनीचे नाव, एक अक्षर गाळून आठ अक्षरांत बसविलेले, सापडते. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिकाचे नाव असावे, तसाच हा प्रकार आहे.

आता स्थलांतर कसे होते ते पाहू. गेल्या वर्षी कार्यालयात नवा संगणक आला. त्यावर लिनक्स असून आभासी यंत्रांसाठी क्यूईएमयू व केव्हीएम यांची जोडी बसविली होती. आमच्या एक्सपीची डिस्क होती ४० गिगाबाइटांची, व्हीएचडी धाटणीची. ५१२ बाइटांचा एक याप्रमाणे तिचे सुमारे ८ कोटी कप्पे होतात. रूपांतर करणारी आज्ञावली पहिल्या कप्प्यापासून आरंभ करते, जुन्या अनुक्रमणिकेत तो कोठे आहे ते पाहते, तेथील मजकूर उचलते, नव्या पेटीत ठेवते आणि नव्या अनुक्रमणिकेत त्याची नोंद करते. कप्पा कोरा असेल तर तो ओलांडून पुढे जाते. आतील मजकुराचा अर्थ तिला ठाऊक नसतो व ठाऊक असण्याची गरजही नसते. हे काम करणाऱ्या प्रसिद्ध आज्ञावलीचे नाव क्यूईएमयू-आयएमजी. तिला 'कन्व्हर्ट' ही आज्ञा द्यावयाची, बारीक 'एफ' या चिन्हापुढे जुनी धाटणी सांगावयाची, मोठ्या 'ओ' या चिन्हापुढे नवी धाटणी सांगावयाची आणि शेवटी दोन्ही फाईलींची नावे लिहावयाची. व्हीएचडीला ही आज्ञावली अजूनही 'व्हीपीसी', म्हणजे व्हर्च्युअल पीसी, याच नावाने ओळखते. नवख्यास प्रथम ते सापडत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

रूपांतर निर्विघ्न पार पडले. त्याच आज्ञावलीत 'कंपेअर' नावाची दुसरी सोय आहे. ती निराळ्या धाटणीच्या दोन प्रतिमांतील मजकूर ताडून पाहते. तिने निर्वाळा दिला की, दोन्ही प्रतिमा तंतोतंत सारख्या आहेत. आम्ही आनंदाने यंत्र सुरू केले. विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसले आणि लगेच सारा पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इतर मजकुराबरोबर एक संकेतांक होता, त्याच्या शेवटी 'सात-बी'.

मजकूर तंतोतंत सारखा, मग बिघडले काय? या प्रश्नाच्या उत्तरातच या विषयाचे सारे मर्म आहे. 'सात-बी' या संकेताचा अर्थ असा की, ज्या डिस्कवरून सुरू व्हावयाचे ती डिस्कच मला सापडत नाही, अशी कार्यप्रणालीची तक्रार आहे. डिस्क आणि प्रक्रियक यांच्यामध्ये एक नियंत्रक असतो आणि प्रत्येक जातीच्या नियंत्रकाशी बोलावयास कार्यप्रणालीला निराळा दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. जुन्या घरात एक्सपीला आयडीई जातीचा नियंत्रक मिळत होता. नव्या घरी यंत्राची मांडणी करताना आम्ही, जे नवे ते चांगले अशा समजुतीने, व्हर्टिओ नावाचा वेगवान नियंत्रक निवडला. हा नियंत्रक आभासी यंत्रांसाठीच मुद्दाम कल्पिलेला आहे आणि आधुनिक लिनक्सला त्याची भाषा येते. बिचाऱ्या एक्सपीला तिचा गंधही नव्हता. सर्व सामान घरात होते, पण त्या खोलीची किल्ली तिच्यापाशी नव्हती. आम्ही यंत्राच्या मांडणीत व्हर्टिओच्या जागी आयडीई असे लिहिले, पुन्हा सुरू केले, आणि दोन मिनिटांत तो जुना ओळखीचा पडदा समोर उभा राहिला. डिस्कमधील एका अक्षरासही आम्हांस हात लावावा लागला नाही.

एवंच, आभासी यंत्राच्या स्थलांतराचे दोन भाग असतात. पहिला भाग पेटी बदलण्याचा. तो सोपा व यांत्रिक असून त्याची खातरजमा करता येते. दुसरा भाग पाहुण्याच्या अपेक्षा आणि नव्या घराची सामग्री यांचा मेळ घालण्याचा, आणि बहुतेक अडचणी या दुसऱ्या भागातच येतात. हे जो विसरला, तो निर्दोष फाईलवर सदोषपणाचा आळ घेऊन तेच रूपांतर पुनःपुन्हा करीत बसतो.

या दुसऱ्या भागातील आणखी काही अडचणी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. जुन्या पद्धतीचा संगणक बायोस या व्यवस्थेने जागा होतो, नवा यूईएफआय या व्यवस्थेने. ज्या पाहुण्यास एकीची सवय आहे, तो दुसरीच्या हाती दिल्यास सहसा जागाच होत नाही. हायपर-व्हीमध्ये यंत्राच्या दोन पिढ्या आहेत, त्यांपैकी दुसरी केवळ यूईएफआय जाणते. यंत्र निर्माण करतानाच योग्य पिढी निवडावी लागते, मागाहून ती बदलता येत नाही. लिनक्सच्या पाहुण्याची तऱ्हा निराळी. नियंत्रक बदलला की तो आपल्या डिस्कला दुसऱ्याच नावाने ओळखू लागतो. जुन्या नावावर विसंबून असलेली कामे अडतात. यास्तव डिस्कचा निर्देश नावाने न करता तिच्या कायम ओळख-क्रमांकाने करावा, असा प्रघात आहे. नेटवर्क कार्डाचेही तसेच; व्हीएमवेअरमध्ये ज्याचे नाव पुष्कळदा 'ईएनएस-३३' असते, तेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'ईएनपी-०-एस-३' होते आणि यंत्र उत्तम चालत असूनही जगाशी त्याचा संबंध तुटतो. हे जुळवून देण्यासाठी रेड हॅट कंपनीच्या आश्रयाने व्हर्ट-व्ही२व्ही नावाची आज्ञावली तयार झाली आहे. ती पेटी तर बदलतेच, शिवाय पाहुण्याच्या पोटात शिरून त्याला हवे ते दुभाषेही नेमून देते.

मग सर्वांनी एकच धाटणी का ठरवू नये? तसा प्रयत्न झालेला आहे. ओव्हीएफ नावाचे एक प्रमाण अनेक कंपन्यांनी मिळून सिद्ध केले आणि २०११ साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला. त्यात डिस्कबरोबर एक सविस्तर यादी असते: प्रक्रियक किती, स्मृती किती, नियंत्रक कोणता, नेटवर्क कार्डे किती. ही यादी व डिस्क एकत्र बांधली म्हणजे ओव्हीए ही एकच फाईल होते. बिऱ्हाडाबरोबर सामानाची यादी पाठविण्यासारखीच ही सोय होय. ती निःसंशय उपयुक्त आहे. तथापि यादीत जे मागितले ते नव्या घरी असेलच, याची हमी ती देऊ शकत नाही.

काही स्थलांतरे तर धाटणी बदलून मुळीच साधत नाहीत. इंटेलच्या कुळातील प्रक्रियकासाठी लिहिलेल्या सूचना एआरएम कुळातील प्रक्रियकाला कळत नाहीत. ॲपल कंपनीने २०२० साली आपल्या संगणकांत एआरएम कुळातील प्रक्रियक बसविण्यास आरंभ केला, तेव्हा जुनी आभासी यंत्रे बाळगणाऱ्या अनेकांना हा अनुभव आला. अशा वेळी प्रत्येक सूचनेचे चालता चालता भाषांतर करावे लागते. क्यूईएमयूला ते करता येते, पण यंत्राचा वेग फार मंदावतो.

हा सारा खटाटोप आपल्यासारख्या एखाद्या शाळेपुरता आहे असे समजू नये. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर आपल्या ताब्यात घेतली आणि त्यानंतर कायमचे परवाने विकणे बंद करून ठराविक मुदतीच्या वर्गणीची पद्धत सुरू केली. त्यामुळे जगभरातील अनेक संस्थांना आपली आभासी यंत्रे दुसऱ्या घरी न्यावीत की काय, याचा विचार करावा लागला. ज्यांनी आपली यंत्रे कोठेही नेता येतील अशा बेताने मांडली होती, त्यांच्यापुढे मार्ग मोकळे होते. इतरांना घरमालक म्हणेल ते भाडे देणे क्रमप्राप्त झाले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे हे काम करील, त्याच्यासाठी थोड्या सूचना येथे देतो. प्रथम पाहुण्याला रीतसर बंद करावे. अर्धवट झोपविलेले यंत्र हलवू नये. मधूनमधून टिपलेल्या स्थिती, ज्यांना स्नॅपशॉट म्हणतात, त्या आधी एकत्र करून घ्याव्यात. नाही तर मूळ प्रतिमा तेवढी जाते आणि नंतरचे सारे बदल मागे राहतात. व्हीएमडीकेच्या काही प्रकारांत एक चिमुकली वर्णनाची फाईल व तिच्यासोबत मजकुराच्या एक वा अनेक मोठ्या फाईली असतात. केवळ चिमुकली फाईल उचलून नेणे म्हणजे लग्नपत्रिका घेऊन वऱ्हाड मागे ठेवण्यासारखे आहे. जुन्या घराने पाहुण्याच्या पोटात बसविलेल्या साहाय्यक आज्ञावल्या निघण्यापूर्वीच काढून टाकाव्यात. जुन्या यंत्रातील नियंत्रक, स्मृती, जागे होण्याची पद्धत, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. नव्या घरी प्रथम जुन्यासारखीच सामग्री द्यावी आणि यंत्र चालू लागल्यावर मग सुधारणा करावी. सॉफ्टवेअरचा परवाना नव्या यंत्रास लागू होतो किंवा नाही, हे पाहून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नव्या यंत्रातील काम प्रत्यक्ष डोळ्यांनी तपासून होईपर्यंत मूळ प्रतिमा पुसू नये.

आमचे तपासणे अजून संपले नव्हते. अंक उघडू गेलो तेव्हा मुद्रणाच्या आज्ञावलीने आपले कुलूप मागितले. त्या काळी अशा आज्ञावलीबरोबर एक लहानसे उपकरण मिळे. ते संगणकास जोडल्यावाचून ती चालत नसे. कार्यालयाच्या टेबलाच्या खणात, शिक्क्यांच्या डबीत, ते सापडले. यजमान संगणकास ते जोडले आणि पाहुण्याच्या स्वाधीन केले. मग २००४ सालच्या अंकाचे पहिले पान पडद्यावर आले. त्यावर त्या वर्षी निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांचे मनोगत होते, आणि त्यातील एकही वेलांटी ढळलेली नव्हती. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला असल्यामुळे ते यंत्र आम्ही नेटवर्कपासून दूरच ठेवले आहे. आठही अंकांची पाने पीडीएफ रूपाने उतरवून झाली असून दहावीच्या काही विद्यार्थिनी त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करीत आहेत. हे काम खरे पाहता २०१३ सालीच व्हावयास हवे होते. यंत्र जपले म्हणजे मजकूर जपला, असे आम्ही समजून बसलो, ही आमची चूक. आभासी यंत्र ही बिऱ्हाड बांधण्याची उत्तम पेटी आहे. पण पेटीतून ज्या वस्तू बाहेर काढून वापरता येत नाहीत, त्या आपल्या मालकीच्या आहेत असे केवळ म्हणावयाचे. आपले लेखन, आपली छायाचित्रे, आपल्या घरचे हिशेब, हे ज्या पेटीत ठेवाल तिचे झाकण दुसऱ्या घरीही उघडते ना, एवढे ठेवतानाच पाहून घ्या.